अंगावरच्या चट्ट्याला नाव देण्यापूर्वी

मंडळी, गावात एखाद्याच्या अंगावर चट्टा उठला की त्याचे बारसे करायला चार माणसे आपणहून पुढे येतात. आजीबाई म्हणतात, हा नायटा, याला गंधक लावा. न्हावी म्हणतो, केस गेलेत म्हणजे चाईच. औषधाच्या दुकानातला मुलगा काही न विचारता एक ट्यूब काढून हातावर ठेवतो. आणि पारावर बसलेला कोणी हलक्या आवाजात विचारतो, "महारोग तर नसेल ना?" या चौघांपैकी एखादा बरोबर असेलही. पण चौघेही चुकले असतील, अशीही शक्यता असते. नायटा, चाई, कोड, महारोग अशी सगळ्यांची सोंगे घेणारा एक रोग आहे. त्याची ओळख आज करून घ्यावयाची आहे. त्याचे नाव ल्युपस.

ल्युपस हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ लांडगा. चेहऱ्याचे मांस कुरतडल्यासारखे दिसणाऱ्या जखमांना युरोपात फार पूर्वी हे नाव पडले. पुढे ध्यानात आले की एका नावाखाली दोन अगदी निराळे रोग नांदत आहेत. एक कातडीचा क्षय. तो क्षयाच्या जंतूंमुळे होतो. दुसऱ्यात जंतूंचा संबंधच नाही. या दुसऱ्या रोगाला १८५१ साली पॅरिसच्या काझनाव्ह या वैद्याने 'लाल ल्युपस' अशा अर्थाचे वेगळे नाव दिले. नावाची ही फोड का महत्त्वाची, ते पाहा. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी कातडीच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशाचा उपचार शोधला आणि त्याबद्दल त्यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तोच प्रकाश दुसऱ्या ल्युपसला मात्र भडकवतो. एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष. तेव्हा रोगाचे नाव अचूक ठरवणे ही नुसती पंडितांची हौस नव्हे.

हा दुसरा ल्युपस होतो कसा? आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. घराच्या राखणीला पाळलेला कुत्रा घरच्याच माणसांना चावू लागावा, तशी ही फौज स्वतःच्या कातडीवर उलटते. असे का होते, त्याचा काही भाग रक्ताच्या वारशात असतो, काही बाहेरच्या कारणांत. बाहेरच्या कारणांत सर्वांत मोठे कारण ऊन. उन्हाने कातडीच्या पेशींना इजा होते, पेशींच्या आतले पदार्थ उघडे पडतात आणि बिथरलेली फौज त्यांनाच शत्रू समजून चढाई करते. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा रोग अधिक होतो. तो स्पर्शाने लागत नाही, एका ताटात जेवल्याने लागत नाही, मुलाला अंगावर पाजल्यानेही लागत नाही. हे एवढे वाक्य तरी प्रत्येकाने पाठ करून ठेवावे.

आता त्याचे रूप पाहू. याचा नेहमी आढळणारा प्रकार म्हणजे चकतीसारखा चट्टा. गाल, नाक, कान, डोके, खालचा ओठ या उन्हातल्या जागी तो उठतो. आधी वाटाण्याएवढा, मग रुपयाएवढा. त्यावर कोरडा पापुद्रा घट्ट चिकटून बसतो. तो सोलला तर त्याच्या खालच्या बाजूला बारीक खिळ्यांसारखी टोके दिसतात, कारण तो केसांच्या छिद्रांत रुतलेला असतो. म्हणून तो घरी सोलत बसू नये. कालांतराने चट्ट्याचा मध्य खोल जातो, पांढरा पडतो आणि कडा काळीकुट्ट होते. विलायती पुस्तकांत या चट्ट्याचे वर्णन 'लालबुंद' असे असते. पण विदर्भातल्या सावळ्या कातडीवर लाली सहसा उमटतच नाही. तिथे तो जांभळट, काळसर किंवा पांढरट दिसतो. गोऱ्या कातडीवरची चित्रे पाहून शिकलेला डोळाही इथे फसतो. आपल्याकडे या रोगाला दुसरी नावे पडतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

या दुसऱ्या नावांपैकी सर्वांत जड नाव महारोगाचे. यवतमाळ, वर्धा, चांदा हा मुलूख महारोगाला चांगला ओळखतो. १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला महारोग्यांची सेवा आरंभिली. पुढे वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन उभे राहिले. १९५१ साली वर्ध्याला गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन निघाले. या लोकांच्या कष्टांमुळे आणि १९८० नंतर आलेल्या बहुविध औषधोपचारामुळे महारोग आज सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, आणि त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तरी देशात दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे रोगी सापडतात, म्हणून शंका आली तर ती तपासलीच पाहिजे. पण नावाची धास्ती औषधाने जात नाही. महारोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्याच्या पुस्तकात २०१९ सालापर्यंत होते. त्या साली ते काढण्यात आले. कायद्यातून गेले तरी मनातून जायला वेळ लागतो. एखाद्या सुनेच्या गालावर ल्युपसचा चट्टा उठावा, त्याला घरच्यांनी महारोग ठरवावे आणि तिला माहेरी धाडावे, तर त्या बाईने दुहेरी दंड भरला. तिला नसलेल्या रोगाचा कलंक मिळाला आणि असलेल्या रोगाचे औषध मिळाले नाही. आणि खरोखरच महारोग निघाला तरी तिला घराबाहेर काढण्याचे कारण नाहीच. उपचार सुरू झाला की तो इतरांना लागण्याची भीती झपाट्याने संपते.

मग दोन्हींत फरक कसा करायचा? महारोगाचा जंतू नसांत शिरतो, त्यामुळे चट्ट्याची जाणीव कमी होते किंवा जाते. ल्युपसमध्ये ती बहुधा शाबूत असते. कापसाला आपल्याकडे तोटा नाही. कापसाची बारीक वात करावी. रोग्याला डोळे मिटायला सांगून ती आधी चांगल्या कातडीवर आणि मग चट्ट्यावर टेकवावी. जिथे लागली तिथे त्याने बोट ठेवावे. चट्ट्यावर पुन्हा पुन्हा चुकले तर संशय महारोगाचा. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे ठेच लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तिथली नस महारोगात दोरीसारखी जाड लागते. कानही साक्ष देतो. महारोगात कानाची पाळी जाड होऊ शकते; ल्युपसमध्ये कानाच्या आतल्या खोलगट वाटीत काळे, बुजलेले, रुंद छिद्रांचे ठिपके दिसतात.

पण थांबा. ही परीक्षा शेवटचा निकाल नव्हे. चेहऱ्यावर नसांचे जाळे इतके दाट असते की तिथल्या महारोगाच्या चट्ट्यातही जाणीव टिकून राहू शकते. उलट ल्युपसच्या जुन्या वणावर जाणीव थोडी मंद भासते. तेव्हा कापसाची वात ही दवाखान्याचा रस्ता दाखवते, एवढेच. निवाडा पुढे व्हायचा आहे.

दुसरे सोंग नायट्याचे. ल्युपसचा एक प्रकार पाठीवर, छातीवर, दंडांवर गोल कड्यांच्या रूपाने उठतो. कड उंच व खवलेदार, मध्य मोकळा. गजकर्ण म्हणून कोणीही शपथ घ्यावी! पण गजकर्णाला जांघ, काख, कंबर अशा दमट, घामट, झाकलेल्या जागा आवडतात आणि खाज जबर असते. ल्युपसची कडी पोलक्याच्या गळ्याबाहेर, बाहीच्या खाली, ऊन पोचते तिथे असतात आणि खाज बहुधा बेताची. खात्री करायची तर चट्ट्याच्या कडेचा भुसा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. नायटा असेल तर बुरशीचे तंतू दिसतात. काही मिनिटांचे हे काम आहे. ते टाळले तर काय होते? नायट्यासाठी हल्ली सर्रास दिली जाणारी टर्बिनाफिन ही गोळी ज्या औषधांनी हा कडीदार ल्युपस उत्पन्न होऊ शकतो त्यांपैकीच एक आहे. रक्तदाबावर देतात त्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांचेही तसेच. म्हणजे नायटा समजून गोळी घेत राहावे आणि रोग त्याच गोळीवर पोसला जावा, असे घडू शकते. म्हणून दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची वेष्टने पिशवीत घालून न्यावीत.

दुकानातल्या ट्यूबचेही सांगून टाकतो. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असते. ते लावल्यावर आठवडाभरात खाज थांबते, चट्टा बसतो आणि माणूस खूश होतो. पण नायटा असेल तर आत बुरशी पसरतच राहते, ल्युपस असेल तर त्याची खूण पुसट होते, आणि चेहऱ्याची कातडी पातळ पडते ती वेगळीच. पुढे डॉक्टरांनाही नीट ओळखता येऊ नये असा तो चट्टा होऊन बसतो. अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला तो यासाठीच. हेच मलम योग्य रोगावर, योग्य जागी, मोजके दिवस, डॉक्टरांच्या सांगण्यावरून लावले तर ते ल्युपसचे चांगले औषध आहे.

बाकीची सोंगे थोडक्यात सांगतो. कोडात कातडी पांढरी होते, पण मऊ आणि सपाट राहते. ल्युपसचा पांढरा डाग खोलगट, कडक, काळ्या काठाचा. चाईत टाळू गुळगुळीत असते आणि केस पुन्हा उगवू शकतात. ल्युपसमध्ये केसांची मुळेच वणात गाडली जातात आणि गेलेले केस परत येत नाहीत, म्हणून तिथे उशीर परवडत नाही. दोन्ही गालांवर आणि नाकावर फुलपाखरासारखी लाली आली तर कोणी वांग म्हणून सोडून देतो. पण वांग हा नुसता रंग असतो, तर ल्युपसची लाली उन्हात गेल्यावर चढते, आग करते आणि नाकपुडीपासून ओठाकडे जाणारी घडी बहुधा मोकळी सोडते. हातांच्या बोटांवर ल्युपसचा पुरळ पेरांच्या सांध्यांना वगळून मधल्या भागावर उठतो. नेमका सांध्यांवर उठला तर स्नायूंच्या एका निराळ्या रोगाचा विचार करावा लागतो.

आपल्या शेतीशी जोडलेली दोन सोंगे मात्र जरा सावकाश पाहू. गाजरगवताची ओळख तुम्हाला करून द्यायला नको. १९५०च्या दशकात पुण्याकडे प्रथम नजरेस आलेले हे गवत आज प्रत्येक धुऱ्यावर आहे. त्याची भुकटी वाऱ्याने उडून अंगावर बसते आणि काही शेतकऱ्यांचा चेहरा व मान खाजून, सुजून, जाड होते. हा पुरळही उघड्या भागावरच येतो, म्हणून उन्हाचा वाटतो. पण ऊन सरळ पडते आणि भुकटी कोपऱ्यातही शिरते. पापण्या, कानामागची जागा, हनुवटीखालची सावली, कोपराची लवण या जागीही पुरळ असेल तर संशय गवताचा. त्या जागा स्वच्छ राहून फक्त उन्हाचा भाग धरला असेल तर संशय ल्युपसचा.

दुसरे पेलाग्रा. ज्वारीवरच पोट भरणाऱ्या दख्खनच्या गरीब लोकांत हा रोग पूर्वी बराच दिसे. हैदराबादला डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतील ल्युसीन या घटकाशी त्याचा संबंध दाखवून दिला. मानेभोवती हार घातल्यासारखा काळा पट्टा, दोन्ही हातांच्या पाठी काळ्या आणि खरखरीत, तोंड आलेले, जुलाब. दारूच्या आहारी गेलेल्या, धड न जेवणाऱ्या माणसात तो आजही दिसू शकतो. नायसिन हे जीवनसत्त्व दिले की थोड्या दिवसांत फरक पडतो. ल्युपस असा चुटकीसरशी उतरत नाही.

याखेरीज ल्युपसची विरळा रूपे आहेत. कधी तो कातडीखालच्या चरबीत गाठी करतो. गाठ जिरते आणि गालावर किंवा दंडावर खड्डा उरतो. कधी चामखिळीसारखा खरबरीत उंचवटा होतो. कधी थंडीत बोटांची टोके जांभळी होऊन दुखतात. ओठावरचा किंवा पांढऱ्या वणावरचा जुना चट्टा फुटला, वाढू लागला, तर त्यात कर्करोग उद्भवलेला असू शकतो. तिथे एक दिवसही दवडू नये.

इतकी सोंगे असताना खरे रूप ठरते कसे? कातडीचा तुकडा तपासून. हे ऐकूनच पुष्कळ जण घाबरतात, म्हणून स्पष्ट सांगतो. इंजेक्शनाने जागा बधिर करतात, पेन्सिलीच्या शिशाहून थोडा जाड, म्हणजे तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखादा टाका घालतात आणि माणूस चालत घरी जातो. ल्युपस असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली कातडीच्या वरच्या आणि खालच्या थरांच्या सांध्यावर हल्ला झालेला दिसतो आणि केसांच्या मुळांभोवती पेशींची गर्दी असते. महारोग असेल तर नसांभोवती गाठोडी आणि काही वेळा जंतू दिसतात. एका विशेष प्रकाशमान रंगाने तपासले तर ल्युपसच्या पुष्कळ रोग्यांत त्या सांध्यावर चमकणारा पट्टा उमटतो.

रक्ताचीही तपासणी करतात, पण तिच्यावर एकटीवर विसंबू नये. कातडीपुरत्या ल्युपसमध्ये ती कोरी येऊ शकते. उलट निरोगी माणसात किंवा महारोग्यात ती सदोष दिसू शकते. आणखी एक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. उपदंश, म्हणजे गरमी, शोधण्याची जी नेहमीची रक्ततपासणी आहे, ती ल्युपसच्या काही रोग्यांत खोटी होकारार्थी येते. गरोदरपणात अशी तपासणी होते. निष्पाप बाईच्या चारित्र्यावर त्या एका कागदाने शिंतोडे उडू शकतात. अशा वेळी खात्रीची दुसरी तपासणी होईपर्यंत घरच्यांनी तोंड मिटून राहावे, हाच शहाणपणा.

रोग ठरला म्हणजे पुढे काय? बहुतेकांत चकतीचा ल्युपस कातडीपुरताच राहतो. काही थोड्यांत मात्र तो सांधे, रक्त, मूत्रपिंड यांपर्यंत जातो. म्हणून लघवीची तपासणी अधूनमधून करायची. ताप, सांधेदुखी, तोंडात व्रण, पायांवर सूज, लघवीला फेस, दम लागणे यांपैकी काही दिसले तर थेट मोठा दवाखाना गाठायचा. मुख्य गोळी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. ती हिवतापाच्या औषधांच्या घराण्यातली आहे. अशाच एका औषधाचा ल्युपसवरचा गुण १९५१ साली इंग्लंडमध्ये पेज या डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. गुण यायला दोन-तीन महिने लागतात, तोवर धीर सोडू नये. वजनाच्या मानाने मात्रा घ्यावी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा डोळे तपासावेत. बिडी-तंबाखू सोडावी, धूम्रपान करणाऱ्यांत रोग हट्टी होतो आणि गोळीचा गुणही कमी येतो.

आणि ऊन? कळंबच्या शिवारात निंदणाला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला 'उन्हात जाऊ नका' असे सांगणे म्हणजे जेवू नका म्हणण्यासारखे आहे. पण पहाटे लवकर जाऊन दहाच्या आत बरेच काम उरकता येते, दुपारचे काम गोठ्यात-ओसरीवर नेता येते. लांब बाह्यांचे जाड सुती पोलके, डोक्यावरून पुढे ओढलेला पदर, रुंद काठाची टोपी एवढे तरी करता येते. मुकादमाने आणि घरधन्याने हे तिचे नखरे समजू नयेत.

गुरुजी आणि बाई, आता तुमच्याकडे वळतो. वर्गातल्या मुलाच्या गालावर चट्टा दिसला तर त्याला मागच्या बाकावर बसवू नका, चारचौघांत विचारपूस करू नका. पालकांना बोलावून चार गोष्टी कागदावर लिहून द्या: चट्टा केव्हा उठला, उन्हाने वाढतो का, तिथे कापूस कळतो का, आतापर्यंत काय काय लावले आणि खाल्ले. तो कागद घेऊन त्यांना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पाठवा. पुढची तपासणी लागली तर यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, वर्ध्याकडे सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे विनोबा भावे रुग्णालय आहे. कळंबहून दोन्हीकडे एसटी जाते.

कळंबचा चिंतामणी आपल्या साऱ्यांच्या परिचयाचा. गौतमाच्या शापाने इंद्राच्या सर्वांगाला क्षते पडली आणि त्यांतून सुटण्यासाठी त्याने इथे गणेशाची आराधना केली, अशी कथा सांगतात. देवांच्या राजालाही अंगावरच्या खुणांपायी तोंड लपवावे लागले, तर गरिबाच्या सुनेची काय कथा! दर्शनाला अवश्य जावे. मात्र येताना दवाखाना चुकवू नये. आणि डॉक्टरांचा कागद हाती येईपर्यंत तिच्या चट्ट्याला कोणी नाव देऊ नये, एवढीच आपणां सर्वांना विनंती.